स्क्रीन जरा इकडे वळवा

कोल्हापुरात बाईनं गाडी चालवणं ही आता कुणी वळून बघावं अशी गोष्ट राहिलेली नाही. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभं राहून जरा आजूबाजूला बघा. सासूबाईंना दवाखान्यात नेणारी, मुलांना क्लासला सोडणारी, गोकुळ शिरगावच्या कंपनीत कामाला निघालेली, डिकीत मेसचे डबे भरून चाललेली, अशा कितीतरी जणी स्टीअरिंगवर दिसतील. पण हीच गाडी कुरकुरायला लागली आणि आपण ती गॅरेजला नेली, की आपण एकदम वीस-पंचवीस वर्षं मागे जातो. ‘‘काय झालंय वहिनी? असू दे, साहेबांना पाठवून द्या की,’’ हे वाक्य ऐकलं नसेल अशी गाडी चालवणारी बाई विरळाच. म्हणजे स्टीअरिंग आपल्या हातात आलं, बॉनेट मात्र अजून साहेबांच्याच ताब्यात आहे!

हे बॉनेटही आपल्या हातात यायला हवं, असं मला वाटतं. हातात पाना घ्यायची गरज नाही. पण गाडीला काय झालंय आणि काय दुरुस्ती केली, हे आपल्याला कळलंच पाहिजे. आणि आता ते कळणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. उदाहरणासाठी एकच छोटी गोष्ट घेते. ती म्हणजे गाडीचं आयडलिंग. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला ‘स्लो’ म्हणतात. ‘‘गाडी स्लोला थांबत नाही’’ हे त्यांच्या तोंडून तुम्ही ऐकलंच असेल.

गाडी सिग्नलला उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला आहे, तरी इंजिन बंद पडत नाही. हळू का होईना, फिरत राहतं. या फिरण्याचा वेग म्हणजे आयडलिंग. पेट्रोलची गाडी तापलेली असेल तर हा वेग साधारण मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्यांचा असतो. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा असेल तर तो एकच्या आकड्याच्या जरा खाली स्थिर दिसतो. सकाळी थंड गाडी सुरू केली की तो सुरुवातीला वर असतो, इंजिन तापेल तसा खाली येतो. एसी लावला तरी किंचित हलतो. इथवर सगळं ठीक. पण गाडी तापल्यावरही काटा वर-खाली नाचायला लागला, गाडी थरथरायला लागली, ब्रेक दाबून थांबताना इंजिन गचकन बंद पडायला लागलं, तर काहीतरी बिघडलंय हे नक्की.

आपल्या स्वयंपाकघरातलंच उदाहरण द्यायचं तर गॅसची शेगडी बघा. दूध तापवायला आपण बर्नर सिमवर ठेवतो. एखाद्या दिवशी सिमवर ठेवलेली ज्योत फडफडते आणि विझते. तेव्हा दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे नॉब थोडा मोठा करायचा. ज्योत विझणार नाही, पण दूध उतू जाईल आणि सिलिंडर चार दिवस आधी संपेल. दुसरी म्हणजे बर्नर काढून त्याच्या भोकांत अडकलेला कचरा साफ करायचा. कोणतीही गृहिणी दुसरंच करेल. गाडीच्या आयडलिंगलाही अगदी हेच लागू पडतं.

पूर्वी गाड्यांना कार्बुरेटर असायचा. १९८३ च्या डिसेंबरात आलेली पहिली मारुती ८०० कार्बुरेटरवरच चालायची. त्यात आयडलिंगसाठी एक स्क्रू असायचा, हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणासाठी दुसरा. मिस्त्री बॉनेटवर वाकायचे, डोळे बारीक करून आवाज ऐकायचे आणि स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवायचे. इंजिनाचा सूर लागला की स्क्रू ड्रायव्हर खिशात. ती खरोखर कला होती. कोल्हापूर तर यंत्रावर जीव लावणाऱ्या माणसांचं गाव. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला. पुढं शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांतून शेताच्या पाण्याची ऑइल इंजिनं तयार होऊन गावोगाव गेली. त्या कानांबद्दल मला आदरच आहे. पण त्या कलेत एक अडचण होती. मिस्त्रींना काय ऐकू आलं, हे दुसऱ्या कुणाला कळायचा मार्ग नव्हता. ते म्हणतील ते खरं.

२००० सालच्या आसपास आपल्याकडच्या गाड्यांत कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता इंजिनात किती पेट्रोल सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. इंजिन किती तापलंय, हवा किती आत येतेय, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, असल्या बातम्या वेगवेगळे सेन्सर त्याला सतत पुरवत असतात. एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण सांभाळायचं आणि आयडलिंगचा आकडाही धरून ठेवायचा, हे त्याचं काम. कुठं बिघाड दिसला तर तो डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लावतो आणि बिघाडाचा कोड स्वतःजवळ नोंदवून ठेवतो.

ही नोंद वाचायची सोय गाडीतच असते. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ वाकून बघितलं तर १६ पिनांचा एक सॉकेट दिसेल. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. आपल्याकडे २०१० नंतर, बीएस-फोरच्या काळात, ही पद्धत टप्प्याटप्प्यानं नियमात आली. या सॉकेटला स्कॅनर लावला की लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर गाडीचा सगळा रिपोर्ट उघडतो. जणू रक्ताचा रिपोर्टच. आणि आपल्यासारखी माणसंही तो वाचू शकतात. कारण तिथं आकडे असतात, आणि आकडे बाई-पुरुष बघत नाहीत.

आता माझ्या गाडीचं काय झालं ते सांगते. आमची पेट्रोलवर चालणारी जुनी हॅचबॅक आहे. रोज मीच चालवते. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर ती सिग्नलला थरथरायला लागली. दोनदा भर रस्त्यात बंद पडली. त्यातल्या एका वेळी सासूबाई मागच्या सीटवर होत्या आणि मागून एसटी हॉर्न वाजवत होती. एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसानं लॅपटॉप लावला, दहा मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाला, ‘‘झालं वहिनी. आता बंद पडायची न्हाई.’’ काय झालं होतं, असं विचारलं तर, ‘‘काय न्हाई ओ, स्लो जरा वाढवून दिलाय.’’ लॅपटॉपची स्क्रीन सगळा वेळ त्याच्याकडे तोंड करून होती. बिल मात्र माझ्याकडे तोंड करून आलं!

गाडी बंद पडायची थांबली, हे खरं. पण थरथर तशीच होती. शिवाय मी पेट्रोल भरलं की किलोमीटर आणि लिटर वहीत लिहून ठेवते. दुधाच्या हिशेबाच्या मागच्याच पानांवर. गाडी आधी लिटरला सोळाच्या आसपास जायची, ती तेरावर आली होती. पुन्हा त्याच वर्कशॉपमध्ये वही दाखवली तर उत्तर मिळालं, ‘‘शहरात चालवताय न्हवं, अ‍ॅव्हरेज पडणारच. आणि वहिनी, थरथर तुम्हाला वाटतीया.’’

‘तुम्हाला वाटतंय’ हा शब्दप्रयोग आपल्याला नवा नाही. कंबर दुखते म्हटलं तरी हेच आणि थकवा येतो म्हटलं तरी हेच. पण यावेळी माझ्याकडे वही होती. मी ती घेऊन उद्यमनगरातल्या एका लहान गॅरेजमध्ये गेले. गॅरेज चालवणारा मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं वही उलटून बघितली, ‘‘हे बेस केलंय ताई’’ म्हणाला, स्कॅनर लावला आणि स्टूल ओढून मला स्क्रीनसमोर बसवलं.

त्यानं मला दोन आकडे दाखवले. एक आयडलिंगचा. कंपनीनं या गाडीला ठरवून दिलेला आकडा ७६० च्या आसपास होता, तो ९०० वर नेऊन ठेवला होता. दुसरा आकडा फ्युएल ट्रिमचा. संगणक ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, हे तो सांगतो. तो शून्याच्या जवळपास असावा, पाच-दहा टक्के इकडंतिकडं चालतं. माझ्या गाडीचा होता वीसच्या वर. त्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबून आरपीएम अडीच हजारावर नेला, तसा तो आकडा पाचवर आला. पाय काढला, की परत वीस. ‘‘म्हणजे बघा ताई, कुठनं तरी चोरून हवा आत जातीया. इंजिन जोरात फिरतं तेव्हा एवढ्याशा हवेनं काय फरक पडत न्हाई. स्लोला मात्र तीच हवा जास्त होती.’’ मग बॉनेट उघडून त्यानं एक बोटाएवढी रबरी नळी दाखवली. तिला चीर गेली होती. चिरेच्या अलीकडं नळी बोटांनी दाबली आणि इंजिन शांत झालं. सोडली, परत थरथर. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

नवी नळी बसली, थ्रॉटलवर साठलेला काजळीचा थर साफ झाला आणि सॉफ्टवेअरमधून आयडलिंग परत होतं तिथं आणलं. फ्युएल ट्रिम तीनवर आला. सगळ्यात स्वस्त वस्तू होती ती नळीच.

सांगायचा मुद्दा असा. आकडा वाढवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. सॉफ्टवेअर हातात आल्यावर ते फार सोपं झालंय, इतकंच. खरं तर बऱ्याच नव्या गाड्यांत आयडलिंगचा आकडा कंपनीनं पक्का करून ठेवलेला असतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त स्कॅनरनं तो फक्त वाचता येतो, बदलता येत नाही. काही गाड्यांत कंपनीच्या दर्जाच्या सॉफ्टवेअरमधून थोडासा वर-खाली करता येतो. त्याचा योग्य उपयोगही आहे, नाही असं नाही. पण आधी कारण शोधायचं, मग गरज पडली तर आकड्याला हात लावायचा, हा क्रम आहे. थ्रॉटल साफ केल्यावर किंवा बॅटरी काढून परत जोडल्यावर काही गाड्यांना नवं आयडलिंग ‘शिकवावं’ लागतं, तेही रीतसर काम आहे. मात्र कारण न शोधता नुसता आकडा वाढवला तर बिघाड झाकला जातो. पेट्रोल जास्त जळतं. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर ब्रेकवरचा पाय जरा हलका झाला की ती जास्त जोरानं पुढं सरकते. पीयूसीला धूरही इंजिन आयडलिंगला ठेवूनच तपासतात. बीएस-फोर आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. तेव्हा हा बिघाड आपल्यापुरता राहत नाही, मागं उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या नाकातही जाऊ शकतो.

पिवळ्या दिव्याचीही तीच गत. स्कॅनरवरून कोड पुसला की दिवा जातो आणि आपण खूश होतो. पण कोडबरोबर बिघाड झाला त्या क्षणी गाडीची काय स्थिती होती, ही नोंदही पुसली जाते. दुखणं तसंच आणि केसपेपर फाडून टाकलेला, असा प्रकार.

इथं कुणी म्हणेल, सगळा दोष मेकॅनिकचाच का? नाही, तसं मी म्हणणार नाही. या माहितीच्या उतरंडीत तोही वरच्याच्या कृपेवर आहे. गाडीचं पूर्ण सॉफ्टवेअर, दुरुस्तीची पुस्तकं, सुटे भाग हे कंपन्या आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरतंच ठेवायच्या. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना ते मिळू देत नाहीत, अशी तक्रार २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडं गेली. चौकशी झाली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. निदानाची साधनं आणि सुटे भाग स्वतंत्र गॅरेजना मिळाले पाहिजेत, असंही सांगितलं. दंडाचं प्रकरण पुढं अपिलांत आणि कोर्टकचेरीत गेलं. पण मुद्दा मान्य झाला की गाडी ज्यानं विकत घेतली त्याला ती कुठंही दुरुस्त करून घेता आली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारी आहेत.

म्हणजे बघा, कंपनी छोट्या गॅरेजवाल्याला सांगत नाही. गॅरेजवाला गिऱ्हाइकाला सांगत नाही. आणि गिऱ्हाईक बाई असेल तर तिच्याऐवजी तिच्या नवऱ्याला सांगतो. सगळ्यात खालच्या पायरीवर उभी असते ती, जी गाडी रोज चालवते आणि जिला तिची थरथर सगळ्यात आधी कळते! आमच्या ह्यांना तर इंजिन कुठल्या बाजूला आहे एवढंच ठाऊक. ते स्वतःच तसं सांगतात. तरी गॅरेजमधला माणूस त्यांच्याकडे बघूनच बोलतो.

‘‘आपल्याला काय करायचंय असल्या गोष्टींत डोकं घालून?’’ असं आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात. मला ते पटत नाही. शिलाई मशीनचा टाका सैल पडला तर दोऱ्याचा ताण बघायचा की बॉबिन, हे आपल्याला कळतं. मिक्सरच्या आवाजावरून आत काय अडकलंय ते कळतं. कुकरची शिट्टी अडली तर आधी रिंग बघायची, हेही कुणी शिकवायला आलं नव्हतं. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी तर पुढंच जावं. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत ‘मुलींनी अर्ज करू नये’ अशी ओळ वाचून सुधा मूर्तींनी थेट जेआरडी टाटांना पत्र लिहिलं आणि पुढं त्याच कंपनीत त्या इंजिनिअर झाल्या. इतक्या वर्षांनी आपण निदान ‘काय बिघडलंय’ एवढं विचारायला संकोचू नये.

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी गॅरेजला नेताना चार गोष्टी कराच. पेट्रोलची नोंद वहीत ठेवा, कारण ‘मला वाटतंय’ आणि ‘सोळाचं तेरा झालंय’ यांत फार फरक आहे. थरथर कधी होते ते लिहून ठेवा. गाडी थंड असताना की तापल्यावर, एसी लावल्यावर की एरवीही. स्कॅनर लावला की कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या. आणि आयडलिंगला हात लावला असेल तर आधी किती होतं, आता किती आहे आणि का बदललं, हे बिलावर लिहून मागा. कुणाशी भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. ज्याला काम येतं तो आनंदानं सांगेल. उलट अशा गिऱ्हाइकाशी बोलायला त्याला बरंच वाटेल, हा माझा अनुभव आहे. ज्याला सांगायचंच नसेल त्याच्याकडून गाडी परत घ्यायची. कोल्हापुरात गॅरेजांची काय कमी आहे?

मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर हल्ली फार महाग नाही. बचत गटाच्या दोन-चार जणींनी मिळून एक घेतला तरी चालेल. वापर झाला की तो सॉकेटमधून काढून ठेवायचा, तसाच अडकवून ठेवायचा नाही. आणि त्यावर वाचायचं तेवढं वाचा, बदलायच्या भानगडीत पडू नका. कोड म्हणजे दिशा असते, निदान नव्हे. ‘०५०६’ असा कोड आला तर त्याचा अर्थ आयडलिंग हवं त्यापेक्षा खाली आहे, एवढाच. ते का खाली आहे हे शोधायला मेकॅनिक लागतोच, आणि त्याचा मान आहेच.

आपल्याला त्याचं काम हिसकावून घ्यायचं नाही. गाडी आपली आहे, तिच्यात घरची माणसं बसतात, बिल आपण भरतो. मग पुढच्या वेळी लॅपटॉप उघडला की स्पष्ट म्हणायचं, ‘‘दादा, स्क्रीन जरा इकडे वळवा. मलाही बघायचंय.’’ आणि तो ‘साहेब कुठायत?’ म्हणाला, तर शांतपणे सांगायचं, ‘‘साहेब घरी आहेत. गाडी मी चालवते.’’